डाव्या कोपऱ्यातला ठिपका

काशिनाथभाऊ, परवा मी कॅमेऱ्यात तोंडाने फुंकर मारली.

हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही असताना मी हे केलं असतं तर तुम्ही मला जेवू घातलं असतं, पण कॅमेऱ्याला पुन्हा हात लावू दिला नसता. फुंकायचं तर रबरी पंपाने, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरून आणि स्वतःचा श्वास रोखून, हा तुमचा नियम. "तोंडात खारं पाणी असतं, रे केमिकल," तुम्ही म्हणायचात. "समुद्राचं खारं परवडलं, माणसाच्या तोंडाचं नाय."

मला फक्त तो ठिपका एकदा डोळ्यांनी बघायचा होता. सात वर्षं आपण त्याच्यावरून भांडलो, पण त्याला समोरासमोर कुणीच बघितलं नव्हतं. गॅलरीत स्टुलावर वर्तमानपत्र पसरलं, लेन्स काढली, आतला आरसा वर करून ठेवला आणि मोबाइलच्या उजेडात डावीकडे वरच्या कोपऱ्यात शोधायला लागलो. वीस मिनिटं शोधलं. मग आठवलं की आत सगळं उलटं असतं, फोटोत जे वर दिसतं ते सेन्सरवर खाली असतं. हेही तुम्हीच मला एकदा समजावलं होतं आणि मी 'माहीत आहे' अशी मान हलवली होती. खालच्या कोपऱ्याकडे वाकलो, आणि बशीतल्या चहावर मारावी तशी, काही कळायच्या आत, फुंकर मारली.

एकच थेंब उडाला, पण बरोबर आत गेला. गॅलरीतूनच आभाळाचा फोटो काढला, मोठा करून बघितला, तर डाव्या कोपऱ्यातला जुना ठिपका होता तिथेच होता, बारीक आणि नीटस. त्याच्या शेजारी बोटभर अंतरावर एक नवा आला होता, फुगलेला, कडा सुटलेल्या, एखाद्या पोट सुटलेल्या माणसासारखा. त्याच्याकडे बघून तो कुणाचा हे कुणालाही विचारावं लागलं नसतं.

तुम्हाला जाऊन वीस दिवस झालेत, आणि मी तुम्हाला पहिली बातमी देतोय ती ही.

आपलं नातं साडूचं. दोन बहिणी दोन परक्या माणसांना एका पंगतीत आणून बसवतात, आणि मग जन्मभर सासूच्या वाढण्याकडे दोघांचं लक्ष. तुम्ही थोरले जावई. शिरगावात स्वतःची बोट, बोटीवर तुम्हीच तांडेल, म्हणजे समुद्रात शेवटचा शब्द तुमचा. मी धाकटा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये. तिथे शेवटचा शब्द माझा सोडून कुणाचाही. तुम्ही मला 'केमिकल' म्हणायचात, मी तुम्हाला 'तांडेल'. बायकांना वाटायचं आपलं पटत नाही. आपलं पटत नव्हतंच, पण दुसऱ्या कुणाशी तेवढं न पटवून घेण्याची मजाही येत नव्हती.

कॅमेरा आला तो आयमुळे. सासूबाईंना सगळं घर आयच म्हणायचं. तिला मोबाइलमधले फोटो पटायचे नाहीत. बोट लागलं की पळतात, असं ती म्हणायची. तिला कागदावरचा फोटो हवा, हातात धरून शेजारणीला दाखवता येणारा. तुम्ही म्हणालात मी घेतो कॅमेरा, मी म्हणालो मी घेतो, आणि शेवटी आयनेच निकाल दिला की दोघांनी मिळून एकच घ्या, म्हणजे भांडायला तरी माझ्या अंगणात याल.

मग कॅमेऱ्याचं माहेर-सासर ठरलं. होळीला तो माझ्याकडून तुमच्याकडे जायचा, नारळी पौर्णिमेला तुमच्याकडून माझ्याकडे यायचा, कारण त्यानंतर तुमच्या बोटी पाण्यात आणि तुम्हाला मान वर करायला फुरसत नाही. देणं-घेणं आयच्या अंगणात, दिवसाउजेडी. आणि ती जी पद्धत तुम्ही घातली होती, ती मी आजवर कुठल्या दोन माणसांत बघितली नाही. देणाऱ्याने घेणाऱ्यासमोर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढायचा. मग दोघांनी डोक्याला डोकं लावून तो मोठा करत करत कोपऱ्या-कोपऱ्याने बघायचा. कुठे डाग नाही, ठिपका नाही, म्हणजे आत धूळ नाही. मगच पट्टा एकाच्या गळ्यातून निघून दुसऱ्याच्या गळ्यात. लग्नाच्या बैठकीत याद्या होतात तसं चालायचं ते. आय ओसरीवर सुपारी कातरत बसलेली असायची आणि म्हणायची, "जावई आभाळात काय शोधतात गो? देवाकडं पाठवलंय का कोनाला?"

मला ते तेव्हा अती वाटायचं. पण तुमचं म्हणणं, दोन घरची वस्तू असली की आधी आभाळ दाखवावं, मग तोंड लपवायची पाळी येत नाही.

सात वर्षांपूर्वीच्या त्या होळीला तुम्ही कॅमेरा घेतलात आणि तासाभरातच आयचा तो फोटो काढलात. आय वाळूत उभी, हातात होळीच्या पूजेचं ताट, मागे नुसतं आभाळ. पुढचा एक दात पडलेला आणि तरी तोंडभर हसू. भोवती गुलाल उडतच होता, मग नाच झाला, तुम्ही गळ्यात कॅमेरा अडकवून सगळ्यांच्या पुढे. चार दिवसांनी बोईसरला आमच्या घरी कॉम्प्युटरवर सगळे फोटो लावले. तुम्ही होतात, तुमच्या सुमनताई होत्या, माझी नलू, दोन्हीकडची पोरं. पहिला फोटो आयचा. तिच्या डोक्याच्या वर, डाव्या अंगाला, आभाळात एक ठिपका. पोरांना वाटलं घार असेल. दुसऱ्या फोटोत घार तिथेच. तिसऱ्यातही तिथेच.

खोलीतले सगळे तुमच्याकडे बघायला लागले. मीही बघितलं.

तुम्ही म्हणालात, "गुलाल कपड्याला लागतो, आत कुठून जाईल? लेन्स मी काढलीच नाय." एवढंच, आणि अगदी शांतपणे. त्यावर मी माझं लॅबमधलं तोंड उघडलं. झूम लेन्स पुढे-मागे करताना भात्यासारखी हवा आत ओढते, हवेबरोबर बारीक पूड जाते, ती सेन्सरवर बसते, वर दर्याची दमट हवा, म्हणजे चिकटलीच. हे शास्त्राला धरून आहे. म्हणूनच ते जास्त वाईट होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, डोकं खाजवलंत आणि म्हणालात, "तू शिकलेला हायस."

आमच्या धाकट्या पोराने तिथल्या तिथे तुमचं नाव ठेवलं, ठिपकेवाले काका.

त्याच पावसाळ्यात आय गेली. तिचा भिंतीवरचा फोटो तोच लागला, कारण त्याच्याइतकी ती कशातच हसलेली नव्हती. हार घातला की ठिपका हाराच्या वर मोकळा राहतो, आणि फोटोकडे बघताना डोळा आधी तिथे जातो. तिच्या वर्षश्राद्धाला पानं मांडलेली असताना पुन्हा विषय निघाला. मीच काढला असणार. वाळूची धूळ की गुलालाची, एवढंच ठरवायचं बाकी आहे, असं काहीतरी. तुम्ही म्हणालात वाळू जड असते, ती उडून आत बसत नाय, आणि गुलाल ओला झाला की विरघळतो, ही तिसरीच पूड हाय. बायका म्हणाल्या, अहो पुरे, पानावर बसा. तेव्हा तुम्ही हात वर केलात. "बरं, माझी हाय. लागली माझ्या हातनं. जेवा आता."

सगळे हसले आणि जेवायला बसले. मी तर दोनदा भात घेतला.

त्यानंतर तुम्ही म्हणायला लागलात की ज्याची धूळ त्याने काढायची, मी पालघरला नेऊन पुसून आणतो. मी दर वेळी मोडता घातला. सेन्सर नाजूक असतो, ओरखडा पडला तर अख्खा कॅमेरा गेला, एका ठिपक्यासाठी काय. पुढे पुढे तुम्हीही सोडून दिलंत. म्हणालात, राहू दे, आता तो पण घरचाच झाला.

आणखी एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. ठिपका आला त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेपासून तुम्ही माझ्याकडे आभाळ मागितलं नाहीत, आणि स्वतःही दाखवलं नाहीत. पट्टा नुसता या गळ्यातून त्या गळ्यात. ठिपका आहेच म्हटल्यावर बघायचं काय, असं मी मनाला समजावलं. पण तांडेल, तुम्ही भरवशाने विचारलं नाहीत की कळून विचारलं नाहीत? हा प्रश्न मी तुम्हाला सात वर्षांत कधीही विचारू शकलो असतो. किती वेळा आपण दोघंच होतो. जेटीच्या कट्ट्यावर, किल्ल्याच्या भिंतीला टेकून, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या सावलीत. एकदा तर तुम्ही मला डोल जाळं समजावत होतात. मासा जाळ्यात पोहत जात नाय, म्हणालात, पाणीच त्याला नेतं. तोंड मोठं असतं, आत जाताना त्याला वाटतं दर्याच हाय. मागं वळायची बुद्धी होते तेव्हा पाणी मागनं ढकलत असतं. मी 'माहीत आहे' अशी मान हलवली.

तर आता ऐका.

त्या होळीच्या आठवडाभर आधी आमच्या खात्यातला एक माणूस निवृत्त झाला. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ होता. कॅमेरा कारखान्यात न्यायचा नाही, हा आपला पहिल्या दिवसापासूनचा करार, तो मीच घातलेला, कारण पूड काय असते हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत. पण साहेबांनी परवानगी काढली होती, आणि आमच्याकडे मोठा कॅमेरा आहे हे मी आधीच वर्षभर सगळ्यांना सांगून ठेवलेलं. कॅन्टीनच्या दाराबाहेर, पॅकिंगच्या शेडपासून वीस पावलांवर, मी सगळ्यांच्या देखत लेन्स बदलली. तशी गरज नव्हती. दुसरी लेन्स आहे हे लोकांना कळावं, एवढंच. त्या दिवशी शेडमध्ये जांभळा रंग भरत होते. संध्याकाळी रुमाल धुतला तर पाणी जांभळं झालं.

दोन दिवसांनी गच्चीवर आभाळाचा फोटो काढला. डाव्या कोपऱ्यात ठिपका. पंप मारून बघितला, उलटा धरून मारला, पुन्हा मारला. हलेना.

होळीला तुमच्या समोर उभा राहिलो तेव्हा खरं सांगायचं असंच ठरवून आलो होतो. पण आय ओसरीवर बसलेली, सुमनताई पुरण वाटताहेत, आणि तुम्ही हसत पुढे आलात. "दाखव आभाळ, केमिकल." मी म्हणालो, आत्ताच घेतलाय, हा बघा. आणि नारळी पौर्णिमेचा, सात महिन्यांपूर्वीचा, स्वच्छ आभाळाचा फोटो तुमच्यासमोर धरला. तुम्ही डोकं जवळ आणलंत. कोपऱ्या-कोपऱ्याने बघितलंत. ज्या माणसाला ढगावरून वारा कळतो, त्याने श्रावणातलं आभाळ फाल्गुनातलं म्हणून मान्य केलं, आणि माझ्या गळ्यातला पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात घातला.

मनात आलं होतं की संध्याकाळी सांगू. मग म्हटलं चार दिवसांनी. मग खोलीतले सगळे तुमच्याकडे बघायला लागले.

तुमच्या बाराव्यासाठी तुमचा फोटो शोधायचं काम माझ्याकडे आलं. घरात फोटोचे गठ्ठे, आणि तुम्ही कशातही नाही. असणार कसे, कॅमेरा तुमच्या हातात असायचा. शेवटी मी काढलेला एक सापडला, गेल्या नारळी पौर्णिमेचा. बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, तुम्ही नारळ घेऊन उभे, कुणावर तरी ओरडताय, मागे आभाळ, आणि तुमच्या खांद्याच्या वर तो. लॅपटॉप घेऊन शिरगावला आलो, सुमनताईंच्या शेजारी बसलो. म्हटलं हे एवढं काढून टाकतो. एक टिचकी मारली, ठिपका गेला. आभाळ असं कोरं झालं की जणू तिथे कधी काही नव्हतंच.

ताई बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं तुम्हाला बघताहेत.

"कुठं गेला तो?"

"काढला, ताई. आता स्वच्छ आहे."

"परत आना."

मी काहीतरी बोललो, की भिंतीवर लागणार, लोक येणार, बरं दिसत नाही. त्यांनी पदराने स्क्रीन पुसली, जिथे ठिपका होता तिथेच.

"अनंतराव, ते कधी फोटोत नसायचे. सगळ्यांना उभं करायचे आनि आपन मागं. माझ्या घरात सात वर्षांचे फोटो हायत. सगळ्यांत तो हाय. तेवढेच ते हायत त्यांत. तो काढू नका."

मी परत आणला. टिचकी मागे फिरवली की येतो तो, कॉम्प्युटरमध्ये सगळं मागे फिरवता येतं. तसाच मोठा करून, फ्रेम करून लावला. बाराव्याला आलेला प्रत्येक जण त्या फोटोसमोर हात जोडायचा, मग ठिपक्याकडे बघायचा आणि जाता जाता ओल्या डोळ्यांनी हसायचा. कोळगावहून आलेल्या तुमच्या मावसभावाने तर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की काशिनाथ सही करून गेला. निघताना ताईंनी कॅमेरा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, आता तुमच्याकडंच राहू दे, होळीला आनायची गरज नाय. आणि साफ करू नका.

शिरगाव ते बोईसर मी कॅमेरा मांडीवर घेऊन आलो. इतका जड तो मला कधी लागला नव्हता. सांगावं तर ताईंचा ठिपका जातो, आणि न सांगावं तर तुमच्यावरचा आळ तसाच राहतो. तुम्ही असताना मला निदान एक वाट होती, ती मी घेतली नाही एवढंच. आता ती वाटच तुमच्याबरोबर गेली. म्हणून तर तो ठिपका एकदा बघावासा वाटला असेल. आणि बघायला गेलो तो एकाचे दोन करून बसलो.

काल पालघरला जाऊन आलो. स्टेशनापासून मनोर रस्त्याला लागलं की एका गाळ्यात एक बाई कॅमेरे दुरुस्त करतात. पस्तिशीच्या असतील, केस टोपीखाली बांधलेले, धूळ उडू नये म्हणून गाळ्यात पंखा नाही. पंखा असता तर मी उठून आलो असतो, असं तुम्ही म्हणाला असतात. मी त्यांना अडचण समजावून सांगितली. आत दोन ठिपके आहेत. उजवीकडचा, मोठा, तो काढायचा आहे. डावीकडचा तसाच ठेवायचा आहे.

त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी कॅमेरा दिव्याखाली धरला, आत उजेड टाकणारं एक भिंग डोळ्याला लावलं.

"मोठा ओला होऊन सुकलाय. थुंकी हाय ना?"

मी म्हणालो, असेल.

"बारका जुना हाय. पूड हाय कसली तरी." त्यांनी भिंग जरा फिरवलं. "जांभळट दिसते. काका, तुमी कंपनीत हाव का?"

तांडेल, फोटोत सगळी धूळ सारखीच दिसते, राखाडी. वाळू असो, गुलाल असो, कंपनीचा रंग असो. सात वर्षं मी त्याच्याच आडोशाला बसलो होतो. आणि त्या बाईंनी दोन मिनिटांत, माझं नावगाव न विचारता, तुमच्या बाजूने निकाल दिला. तिसरीच पूड. तुम्ही त्या वर्षश्राद्धाच्या पानावर सांगितलं होतंत.

मी विचारलं, एक ठेवून दुसरा काढता येईल का.

त्यांनी मला पुसायची पट्टी दाखवली, प्लास्टिकच्या दांडीला मऊ कापड, सेन्सरच्या रुंदीएवढंच रुंद. त्यावर औषधाचे दोन थेंब, मग या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच हात. मध्ये थांबायचं नाही, थांबलं तर ओघळ उमटतो. "पुसलं की सगळंच जातं. आतमध्ये निवडानिवड नाय करता येत." मग जरा आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "बारका कशाला ठेवायचाय?"

मी म्हणालो, तो आमच्या साडूंचा आहे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर मनोरकडे जाणारी गाडी गिऱ्हाइकं गोळा करत उभी होती, तिचा कंडक्टर ओरडत होता. बाईंनी भिंग बाजूला ठेवलं. कॅमेऱ्याच्या तोंडावर झाकण बसवलं, ते नीट बसलंय का म्हणून अंगठ्याने दाबून बघितलं आणि कॅमेरा माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, मन ठरलं की या.

तुमच्याशी भांडण्यासारखं अजून पुष्कळ होतं. पापलेट तव्यावर कधी उलटायचं, पुढे नातवंडांना मराठी शाळेत घालायचं की नाही, आणि बोट विकायची हा तुमचा शेवटच्या वर्षातला विचार, ज्यावर मी अर्धा तास व्याख्यान दिलं आणि तुम्ही 'तू शिकलेला हायस' म्हणून उठून गेलात. ते वाक्य तुम्ही मला दोनदा म्हणालात. दोन्ही वेळा मला ते कौतुक वाटलं, आणि आता रोज आंघोळीच्या वेळी आठवतं. आणि तुमचं देणं काही हेच एक नाही. नलूच्या ऑपरेशनच्या वेळी भर हंगामात बोट किनाऱ्याला लावून तुम्ही तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसला होतात. मी आभार मानायला लागलो तर म्हणालात, बाक चांगला हाय, बोटीवर एवढा मऊ नसतो. तुमचं ते तसंच असायचं. दुसऱ्याच्या मानेवरचा बोजा उचलायचा आणि वर म्हणायचं, हलका हाय. ठिपकाही तुम्ही असाच उचललात का, हे मला कधीच कळणार नाही. कळून उचललात असेल तर मी तुमच्यासमोर उभा राहू शकत नाही. न कळता उचललात असेल तर त्याहून नाही.

पालघरहून घरी आलो तेव्हा नलू जमिनीवर जवळा निवडत बसली होती. समोर सूप, बाजूला कचऱ्याची वाटी. मी कॅमेरा टेबलावर ठेवला, तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. निरोप समारंभ, जांभळा रंग, श्रावणातलं आभाळ, ताईंनी परत आणायला लावलेला ठिपका, पालघरच्या बाई. पहिल्या बातमीसकट, म्हणजे फुंकर आणि थुंकीसकट. एकतीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी इतका वेळ सलग बोललो नसेन. तिने एकदाही वर बघितलं नाही. बोटं मात्र एका जागी थांबली होती. आयचा भिंतीवरचा फोटो तिचाही आहे, हे मला बोलता बोलता आठवलं.

मग मी विचारलं, उद्या शिरगावला जाऊन ताईंना सांगू का.

तिने सूप उचललं, एकदा पाखडलं. रागावली की तिची भाषा बोईसर सोडून माहेरी जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

"ताईचा तो ठिपका उचलायला जाताय व्हय? हात लावू नका. भावोजींनी धूळ माझी हाय म्हनून सांगितलं ना, मग ती त्यांचीच," ती म्हणाली. "तुमी ऱ्हावा असेच, गप. तुमचा पन फोटो याच कॅमेऱ्यातला लावनार मी भिंतीवर, दोन ठिपक्यांचा. ताई हात जोडायला येईल ना तेव्हा सांगेन मी तिला, का दोनी यांचेच हायत."